तेवढं वरचं राहिलं

"आधारवरचं बदललं, रेशनकार्डावरचं बदललं, बँकेतलं बी बदललं बाई. तेवढं वरचं राहिलं बगा."

शाळा सुरू होऊन तीन-चार दिवस झालेले, बाहेर वळीव असा कोसळत होता की ऑफिसच्या पत्र्याखाली समोरच्याचं अर्धं बोलणं ओठांवरून ओळखावं लागत होतं, आणि मी तिच्या मुलीचा दुसरीचा प्रवेश अर्ज बघत होते. मला वाटलं वरचं म्हणजे अर्जाच्या वरच्या ओळीतलं काहीतरी. मी अर्ज फिरवून बघितला, चष्मा पुसून परत बघितला. मग तिने बोट वर केलं, सरळ पत्र्याकडे, आणि हसली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हसण्यासारखंच होतं म्हणा ते, पण तिने वाक्य तिथंच सोडलं, पुढे विचारलं काहीच नाही, आणि माझ्याकडे बघत राहिली. आणि मी काय केलं, तर "जन्मदाखल्याची झेरॉक्स राहिलीय गं, ती जोड" म्हणाले. म्हणजे सरळ सरळ विषय बदलला. ती "आणून देते की" म्हणून डोक्यावर पिशवी धरून पावसात गेली. मला मात्र ते वाक्य चपलेत खडा गेल्यासारखं चार दिवस टोचत होतं.

आजकालची पोरं मला मॅडम म्हणतात. बाई म्हणणारी सगळी जुनी.

हे वर नाव जाण्याचं प्रकरण २००६ चं. मी तेव्हा शिक्षणसेवक, महिना ३००० रुपये मानधन, माण तालुक्यातलं गाव आणि गावापासून पण लांब वस्तीला लागून असलेली ही शाळा (मधे चार ठिकाणी बदल्या होऊन फिरून फिरून मी परत इथेच आलेय, ते वेगळंच पुराण). पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात एक चौकोनी बातमी होती, की नासा डॉन नावाचं यान मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात पाठवणार आहे, माणूस वगैरे कुणी नाही, नुसतं यंत्र, आणि ज्याला हवं त्याने इंटरनेटवर आपलं नाव भरायचं, ते नाव एका चिपवर घालून यानासोबत नेणार. फुकट. हा फुकट शब्द महत्त्वाचा, कारण आमच्याकडे तेव्हा खडू पण मोजून मिळायचे. मी ती बातमी कापून गुरुजींना, म्हणजे आमच्या हेडमास्तरांना दाखवली. त्यांनी चष्म्यावरून वाचली आणि म्हणाले, "घाला सगळ्यांची. शाळेचं पण घाला. उपक्रमवहीत लिहिता येईल." आता खरं सांगायचं तर सहभाग म्हणजे तरी काय, त्या यानाला आम्ही एक स्क्रू पण लावला नव्हता, नावं टाइप करायची आणि बटण दाबायचं. पण उपक्रमवहीत वृक्षारोपणाच्या खाली 'अंतराळ मोहिमेत शालेय सहभाग' असं मी निळ्या शाईने लिहिलं तेव्हा मला उगीचच छातीत काहीतरी भरून आल्यासारखं झालं होतं.

पोरांना समजावायचं कसं, तर मैदानात कडुलिंबाला सूर्य केलं, हापशापाशी मंगळ म्हणून एकाला उभं केलं, पार तिकडे देवळाच्या पायरीवर गुरू, आणि मधल्या जागेत रस्त्याच्या कामाची खडी पडली होती ती पोरांनीच ओंजळीने पसरली. हा पट्टा, ह्यातल्या दोन मोठ्या दगडांकडे आपलं यान जाणार, एक वेस्टा आणि एक सेरेस. आता मला माहितेय की खरा पट्टा इतका विरळ आहे की अख्ख्या मैदानात खडीचा एक कण ठेवला असता तरी जास्तच झाला असता, पण तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं, आणि खडी पसरायला मजा आली ती आलीच. मग प्रश्न. "बाई, परत कवा येणार?" नाही येणार, तिकडेच राहणार. एकदम शांतता. एक जण म्हणाला मग माझं नका घालू, आई रडंल. त्याला सगळ्यांनी मिळून समजावलं की तू नाही जात, नाव जातंय. तर दुसऱ्याने विचारलं, "नाव गेल्यावर हितं काय ऱ्हातं?" ह्याला मला उत्तर देता आलं नव्हतं. एकाला त्याच्या बैलाचं नाव घालायचं होतं, सर्जा. मी आधी नाही म्हटलं, तर तो मधल्या सुट्टीत खिचडी खायला बसेना, शेवटी घेतलं. त्यामुळे माणमधला एक बैल, मालकाच्या आडनावासकट, नासाच्या यादीत आहे. ही गोष्ट मी तेव्हा गुरुजींपासून लपवली होती.

रविवारी मी दहिवडीला गेले. नेट कॅफे म्हणजे गाळ्यात प्लायवूडचे तीन कप्पे, २० रुपये तास, कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलेली, आणि लोडशेडिंग. पहिल्यांदा तेवीस नावं झाली आणि लाइट गेली. दुकानदार म्हणाला भरलेली नावं गेली असतील की हो पुढे, पण मला खात्री नव्हती, म्हणून दुपारी लाइट आल्यावर परत पहिल्यापासून भरली, म्हणजे काही पोरं बहुतेक दोनदा गेलीत. एकेक नाव, एकेक आडनाव, मग पान उघडायची वाट बघायची. जवळच्या फुलस्केपवर यादी होती, मराठीत नाव आणि पुढे मी पेन्सिलीने केलेलं इंग्लिश स्पेलिंग, झालं की टिक. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग मी तीनदा बदललं. सतराव्या नंबरला ती होती.

नकुसा.

तिसरी मुलगी. आमच्या भागातल्या लोकांना पुढचं सांगायला नको, आणि बाहेरच्यांनी पण पेपरात वाचलेलं असेल. माझ्या एकट्या वर्गात तिच्याशिवाय नव्हतं त्या नावाचं कुणी, पण शाळेत अजून एक होती, तिला धाकटी नकुसा म्हणायचे. हजेरी घेताना मी वर्षभर ते नाव रोज उच्चारत होते आणि ती रोज "हजर बाई" म्हणत होती, खणखणीत, वर्गात सगळ्यात मोठा आवाज तिचा. सवयीने शब्दाचा अर्थ झिजून जातो ना, तसं झालं होतं. कॅफेत मात्र ते पांढऱ्या चौकोनात एकटंच टाइप करताना बोटं थांबली. समोर 'फर्स्ट नेम' म्हणून रिकामी जागा आणि आत काडी मिचकावत बसलेली. कुणी तपासणार नव्हतं. दाखला मागणार नव्हतं, तहसीलदाराची सही नको, गॅझेट नको. मी तिथे काहीही लिहू शकले असते, मेघा, तारा, अगदी अंतराळातलं शोभेल असं एखादं. दोन-तीन मिनिटं मी तशीच बसले असेन, मागच्या कप्प्यात कुणीतरी गाणी डाउनलोड करत होतं. मग मी रजिस्टरात होतं तसं घातलं. एन, ए, के, यू, एस, ए. शिक्षकाचा हात, जनरल रजिस्टरच्या बाहेर जात नाही. आणि दुसरं पण होतं, की सोमवारी ती विचारणार, बाई माझं गेलं का, आणि मी दुसरंच काही सांगितलं तर तिला वाटणार की तिचं गेलंच नाही, भलत्याच कुणाचं गेलं.

निदान मी स्वतःला असं समजावलं.

यान उडालं २७ सप्टेंबर २००७ ला, आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, शाळा सुटलेली. दोन दिवसांपूर्वी गणपती बुडवलेले, त्याच्या आदल्या रात्री आपण ट्वेंटी-ट्वेंटीचा वर्ल्ड कप जिंकलेला, त्यामुळे पेपरात धोनीच धोनी. पोरं पाचवीत गेली होती, मी वर्गात सांगितलं की आपली नावं काल गेली बरं का, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच विचारलं, "पोचली का?" मी म्हटलं, अजून चार वर्षं लागतील. आयन इंजिन असतं त्याचं, झेनॉन नावाचा वायू, त्याचा रेटा किती तर तळहातावर वहीचा एक कागद ठेवल्यावर जेवढा भार वाटतो साधारण तेवढा. शून्यापासून ताशी शंभरच्या आसपास वेग यायला चार दिवस. आमच्या घाटातली मुक्कामी एसटी पण ह्याच्यापेक्षा बरी. पण एसटी कुठेतरी थांबते आणि हे थांबत नाही, महिनोन्महिने तेवढंच ढकलत राहतं, म्हणून शेवटी भलतं पुढे जातं. हे वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं, अजून आवडतं. अजून एक मला बऱ्याच वर्षांनी कळलं, की हे डॉन प्रकरण नासाने मार्च २००६ मध्ये रद्दच करून टाकलं होतं, पैसे जास्त लागतायत, तांत्रिक अडचणी आहेत म्हणून, आणि मग त्याच महिन्यात ओरडा झाल्यावर परत सुरू केलं. म्हणजे ते यानही आधी नकोच होतं त्यांना. ओढूनताणून जुळवाजुळव मला आवडत नाही, पण ही मी केलेली नाही, ती तशीच आहे.

मग २०११. जुलैमध्ये यान वेस्टाला पोचलं, आणि २२ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, साताऱ्यात जिल्हा परिषदेने २८५ नकुसांची नावं बदलली. मोठा कार्यक्रम, मुलींना नव्या नावाचं सर्टिफिकेट आणि फुलांचा छोटा गुच्छ. मी तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होते, मला पेपरातल्या फोटोत ती दिसते का म्हणून मी बराच वेळ बघत बसले, पण फोटो असा दाण्यादाण्याचा की सगळ्या सारख्याच. ती होती त्यात, नववीला होती, हे मला नंतर कळलं. तिचं नवं नाव मी इथे लिहीत नाही, ते तिने स्वतः निवडलंय, सांगायचं तर तिने सांगावं. त्याच दिवशी यान वेस्टापासून ६८० किलोमीटर उंचीवरून फेऱ्या मारत होतं, दिवसाला साधारण दोन, आणि त्यातल्या नाण्याएवढ्या चिपवर ३ लाख ६० हजारांहून जास्त नावांत हिचं जुनं. खाली माइकवरून नवीन नाव पुकारतायत आणि वर जुनं फिरतंय. मला हे त्या दिवशी नाही सुचलं. हे मला सुचलं आता, चार दिवसांपूर्वी, पत्र्यावर पाऊस वाजताना.

शाळेच्या रजिस्टरात नाव बदलतात म्हणजे काय करतात माहितेय? खोडरबर नसतो तिथे. जुन्या नावावर लाल शाईने एक आडवी रेघ, वर नवीन नाव, बाजूला आदेशाचा क्रमांक आणि मुख्याध्यापकाची सही. रेघ अशी मारायची की खालचं वाचता आलं पाहिजे. तसा नियमच आहे. तिचं पान मी त्याच संध्याकाळी काढून बघितलं. गुरुजींच्या हातची रेघ, पट्टी लावून मारलेली, खाली नकुसा स्वच्छ वाचता येतंय. सतराव्या नंबरला.

वेस्टावरून यान निघालं ते ६ मार्च २०१५ ला सेरेसला पोचलं. एका यानाने दोन वेगवेगळ्या परक्या गोलांभोवती फिरायचं हे पहिल्यांदाच झालं. सेरेस म्हणजे साधारण ९४० किलोमीटर रुंद गोळा, पोरांना मी सांगते, आपला महाराष्ट्र पूर्व-पश्चिम ८०० किलोमीटर, तो त्याच्या पोटात जातो. त्याचं पण नावाचं रडगाणं आहेच, १८०१ मध्ये सापडला तेव्हा ग्रह म्हणाले, मग लघुग्रह केलं, आणि आम्ही नावं भरत होतो त्याच २००६ च्या ऑगस्टमध्ये बटुग्रह. सेरेस ही रोमन लोकांची पिकापाण्याची देवी, म्हणून तिथल्या खड्ड्या-डोंगरांना जगभरच्या शेतीच्या देवांची आणि सुगीच्या सणांची नावं दिलीत, तिथला चार किलोमीटर उंचीचा एक डोंगर आहे आहुना, तो नागालँडच्या सुमी लोकांच्या सुगीच्या सणावरून. आणि जमिनीखाली बर्फ. टँकरच्या तालुक्यातल्या ३८ पोरांची नावं आणि एक बैल अशा ठिकाणी गेलीत. यान जवळ जाताना फोटोत दोन पांढरे ठिपके चमकत होते, तेव्हा कुणी म्हणे बर्फ, कुणी म्हणे वस्ती. शेवटी निघाला काय तर मुख्यतः सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. खारट पाणी खालून वर आलं, उडून गेलं, मागे सोडा राहिला. आमच्या हापशाच्या कट्ट्यावर पाणी वाळल्यावर जो पांढरा पापुद्रा राहतो ना, मला बघताक्षणी तोच आठवला, आणि त्यावर खापरीने रेघोट्या मारणारी ती.

२०१८ च्या ऑक्टोबरच्या शेवटी यानाचं इंधन संपलं, ते हायड्राझीन, ज्याने ते आपलं तोंड पृथ्वीकडे वळवायचं. तोंड वळेना म्हणून बोलणं बंद. पडलं नाही, फुटलं नाही. सेरेसभोवती लांबट कक्षेत, कधी ३५ किलोमीटरपर्यंत खाली तर कधी ४००० किलोमीटर लांब, सत्तावीस तासांत एक फेरी, अशी सोडून दिलीय त्याला, किमान वीस वर्षं आणि बहुतेक पन्नासच्या वर ते तसंच फिरत राहील असा हिशोब करून. खाली पाडायचं नाही, कारण आपले इकडचे जंतू तिथे नकोत. आता ते ऐकत नाही आणि बोलत पण नाही.

एक गोष्ट मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेली नाही, नवऱ्याला पण नाही. त्या रविवारी सगळी नावं झाली, शाळेचं झालं, बैलाचं झालं, आणि तासाची चार-पाच मिनिटं उरली होती. पैसे तर पूर्ण तासाचे द्यायचेच. मी माझं नाव भरलं. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं होतं, आडनावासोबत पहिलं पण, सासूबाईंना आवडायचं ते, आणि सगळ्या बायकांनी वाकून वाचून छान आहे छान आहे म्हटलं होतं. मलाही वाईट नव्हतं वाटलं, खोटं का बोलू. डीएडच्या सर्टिफिकेटपासून सगळीकडे मी ते रीतसर बदलून घेतलेलं, गॅझेट केलेलं. आणि तरी त्या चौकोनात माझ्या बोटांनी माहेरचं नाव घातलं, लहानपणी वडील हाक मारायचे ते. अजिबात थांबले नाही मी. ते माझं नाव तेव्हा कुठल्याच कागदावर चालू नव्हतं. म्हणजे स्वतःसाठी रजिस्टर बाजूला ठेवता आलं मला, सतराव्या नंबरला फक्त आठवला नियम.

नंतर २०१४ मध्ये बेनू नावाच्या लघुग्रहाकडे जाणाऱ्या यानासाठी परत नावं मागवली होती. तेव्हा दुसरी शाळा, दुसरा वर्ग, आणि मोबाइलवर दोन मिनिटांत काम. त्या वेळी मात्र मी प्रत्येकाला विचारलं, कुठलं नाव घालायचं सांग. निम्म्यांनी घरचं सांगितलं, सोनू, बाळ्या, एकीने आजीचं. बेनू हे नाव पण अमेरिकेतल्या एका नऊ वर्षांच्या पोराने सुचवलेलं. ते यान २०२३ मध्ये बेनूची माती पृथ्वीवर टाकून थेट पुढे गेलं, अपोफिस नावाच्या दुसऱ्या दगडाकडे, आणि जाता जाता त्याचं नाव बदललं नासाने, आधी ओसायरिस-रेक्स होतं, आता ओसायरिस-एपेक्स. यानाचं बदलतं. आतल्या चिपवर हात पोचत नाही कुणाचा.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती झेरॉक्स घेऊन आली. सोबत मुलगी. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला कोइमतूरला, ही आता सासऱ्यांच्या आजारपणामुळे गावी परतलेली, त्यामुळे मुलगी मराठी बोलते छान पण वाचायला अडखळते. मी कपाटातून उपक्रमवही काढून ठेवली होती, त्यात ती फुलस्केप घडी घालून तशीच होती, घडीवर फाटायला आलेली. मी तिला म्हटलं, बस, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. नाही बदलता येत. मग सगळं सांगितलं, इंधन, कक्षा, पन्नास वर्षं. तिने बोटांवर मोजलं. "म्हंजी मी सत्तरीच्या पुढं जाईस्तवर."

"हो."

"आन तिथं तिला हाक कोण मारतं?"

मी म्हटलं, कुणीच नाही.

"हितं मारत्यात की अजून," ती म्हणाली. "गावात आले की चालूच. सर्टिफिकेट दावू का त्यांना?" हे पण हसतच. मग मी तिला माझ्या नावाचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, सांगायचं ठरवलं नव्हतं. ती जरा वेळ गप्प बसली, यादीवर माझं नाव कुठे लिहिलंय का शोधलं तिने, ते नव्हतं अर्थात. मग म्हणाली, "तवा मला इचारलं असतं तर मी..." आणि तेवढंच म्हणून यादीकडे बघत राहिली, काय सांगितलं असतं ते आठवतेय असं. मग मान हलवली. नववीतलं नाव तिला चौथीत कुठून सुचणार होतं.

तेवढ्यात मुलगी टेबलाला रेलून यादीवर बोट ठेवून वाचायला लागली होती, तोंडाने एकेक अक्षर सुटं करत. सतराव्या नंबरला आली. "न... कु... सा. आई, ही कोण गं?"

मी वहीकडे बघितलं.

"होती एक आमच्या वर्गात," ती म्हणाली, आणि मुलीचं बोट धरून सरळ खाली नेलं, यादीच्या पार शेवटी. "ह्यो वाच. स-र-जा. बैल हुता."

"बैल पण गेला?"

"गेला की. रुसून बसलं हुतं त्याचं मालक."